औषधाच्या काउंटरवरून दिसलेली नशा

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं, की उद्यमबाग, पिरनवाडी मागे पडते आणि आमचं मच्छे येतं. औद्योगिक वसाहत, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं ज्ञानसंगम आवार आणि या दोन्हींच्या मध्ये अजून शेती धरून राहिलेलं मूळ गाव. इथं माझं औषधाचं दुकान आहे. कामगार, विद्यार्थी, गावातली म्हातारी माणसं, सगळेच गिऱ्हाईक. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, हे मला चिठ्ठीवरून कळतं. निदान तसा माझा समज होता.

२०१३ च्या पावसाळ्यात एक मुलगा खोकल्याचं औषध न्यायला येऊ लागला. माझ्या वर्गमित्राचा मुलगा, वय सतरा, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. "काका, आजीचा खोकला काय थांबंना. तीच बाटली द्या की." त्या औषधात कोडीन होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मुलगा घरचा, आजी ओळखीच्या. मी दिली. आठ-दहा दिवसांनी पुन्हा दिली. अशा चार बाटल्या गेल्या. मग एक दिवस त्या आजीच गुडघ्याला लावायचं मलम न्यायला दुकानात आल्या. मी सहज विचारलं, "खोकला कसा आहे आता?"

"मला कुठला रे खोकला?" त्या म्हणाल्या.

मी गप्प बसलो. पुढे मुलाला बाटली दिली नाही, पण मित्राला सांगायला मला तीन आठवडे लागले. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं, असं वाटत राहिलं. ‘तरुण मुलं आणि नशा’ या विषयावर अंकासाठी लिहायचं ठरलं, तेव्हा इथूनच सुरुवात करायची असं मी ठरवलं. कारण नशेचे प्रकार कितीही असले, तरी त्या सगळ्यांना वाढायला जागा मिळते ती मोठ्यांच्या गप्प बसण्यातच.

सुरुवात घरातल्या डबीपासून

ड्रग्ज म्हटलं की आपल्याला मुंबई, गोवा, मोठ्या पार्ट्या आठवतात. आमच्या भागात गोष्ट तंबाखूपासून सुरू होते. निपाणी परिसर म्हणजे विडीच्या तंबाखूचं आगर. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तिथं मोठं आंदोलन केलं, पोलिसांचा गोळीबारही सोसला. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर १९८२ मध्ये माहितीपटही निघाला. या पिकावर आमच्याकडची कित्येक घरं उभी राहिली, मुलं शिकली. म्हणूनच तंबाखूला कुणी नशा म्हणत नाही. आजीची मिसरी, काकांची चंची, कट्ट्यावरचा मावा, सगळं डोळ्यांसमोरचं.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आली. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असं सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला हवं. पंचविशी न गाठलेल्या मुलांची अशी तोंडं मी पाहिली आहेत.

शहरातल्या मुलांकडे याच निकोटिनचा नवा अवतार आहे, वेप. स्ट्रॉबेरीचा वास येतो म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे.

दारू, गांजा आणि हुंगायची नशा

दारूबद्दल थोडक्यात. आमच्यापासून गोवा जवळ, दारू तिथं स्वस्त, त्यामुळे सहलीची सुरुवात आणि शेवट तिनंच होतो. दारूनं हुशारी येते हा भ्रम आहे. ती मेंदूला मंद करते, फक्त सर्वांत आधी विवेकाला झोपवते, म्हणून माणूस मोकळा झाल्यासारखा वाटतो. त्याच अवस्थेत तो मोटारसायकल काढतो.

गांजाबद्दल मुलं मला ठासून सांगतात, "काका, ते नैसर्गिक आहे. झाडाचं आहे." धोतराही झाडच आहे. गांजातला टीएचसी हा घटक मेंदूच्या आठवण आणि एकाग्रतेच्या कामात ढवळाढवळ करतो. वेळेचं भान बिघडतं, काहींना एकदम जीव घाबराघुबरा होतो. कोवळ्या वयात नियमित ओढणाऱ्यांमध्ये पुढे भास, संशय, वेड्यासारखं वागणं असे गंभीर मानसिक आजार होण्याचा धोका वाढतो. घराण्यात आधी कुणाला असा आजार असेल तर आणखीच. आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा बाळगणं हा गुन्हा आहे. शिकत्या मुलाच्या नोकरी-पासपोर्टच्या वाटेत ती नोंद आडवी येते.

हुंगायच्या नशेकडे आपलं लक्षच नसतं. पंक्चरचं सोल्यूशन, रंगात घालायचं थिनर. औद्योगिक वसाहतीत या वस्तू कुठंही सापडतात आणि त्या विकत घ्यायला कुणी हरकत घेत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त आढळलेली नशा ही एकच होती. ही वाफ हृदयाचे ठोके अचानक बिघडवू शकते. अगदी पहिल्याच वेळी हुंगणारं मूलही यात दगावू शकतं.

माझ्या कपाटातली नशा

आता माझ्या धंद्याविषयी. खोकल्याच्या औषधातलं कोडीन हे अफूच्या कुळातलं. पोटात गेल्यावर यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फीन होतं. चमचाभर घेतलं तर खोकला दबतो. अख्खी बाटली एका दमात प्यायली तर गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास मंदावतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर श्वास थांबूही शकतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी त्याच वळणाची. २०१८ मध्ये तिलाही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या. त्या अनेकदा मुलांना बाहेर शोधाव्या लागत नाहीत. आजोबांच्या डब्यात असतात.

हल्लीची नवी मागणी जिममधून येते. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब एकदम उतरला, तर तो चढवायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. जोर वाढतो म्हणून धडधाकट पोरं ते टोचून घेतात. रक्तदाब भडकतो, छाती धडधडते, झोप उडते, काहींना भास होऊ लागतात. सुई एकमेकांत फिरली तर एचआयव्ही आणि काविळीची भीती वेगळीच.

मार्च २०१४ पासून यातल्या कोडीन, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या गोळ्यांसाठी आम्हा दुकानदारांना वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव, रोग्याचं नाव, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. २०१३ मध्ये ते रजिस्टर नव्हतं. पण चिठ्ठी तेव्हाही लागायचीच. त्यामुळे कायद्याच्या आड मला लपता येत नाही.

गर्द ते एमडी

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दनं, म्हणजे ब्राऊन शुगरनं, कित्येक घरं पोखरली. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पु. ल. देशपांडे यांचं मोठं पाठबळ त्यामागे होतं. नशेला बळी पडलेला माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, हे मराठी घरांना समजावण्यात त्या केंद्राचा मोठा वाटा आहे.

आज गर्दच्या जागी नाव ऐकू येतं एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं. हे पीक कुठल्या शेतात येत नाही, रसायनांपासून बनतं. २०१५ मध्ये ते बंदीच्या यादीत आलं. सुरुवातीला प्रचंड उत्साह, बडबड, भूक-झोप नाही. मग दोन दिवस अंधार, संशय, चिडचिड आणि पुन्हा तीच ओढ. हे महानगरांचं दुखणं आहे असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला तो सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत. द्राक्षबागांच्या मुलखात.

याच वयात का?

शर्यतीची बैलजोडी ताकदीनं आधी तयार होते, पण कासऱ्याला वळायला तिला वेळ लागतो. मेंदूचंही तसंच आहे. मजा शोधणारा भाग कुमारवयातच जोरात असतो, आणि परिणामांचा विचार करून थांबवणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. नशेचा पदार्थ मेंदूत डोपामिनचा पूर आणतो. मग क्रिकेट, परीक्षेतले गुण, आईच्या हातचं जेवण यांतला साधा आनंद फिका पडतो. पहिल्यांदा मजेसाठी घेतलेली गोष्ट नंतर नुसतं बरं वाटावं म्हणून घ्यावी लागते.

त्या मुलाचं पुढे काय झालं

मी मित्राला सांगितलं. पहिल्या चार बाटल्या मी दिल्या, हेही सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू नसतीस दिली तर आणि कुणी दिली असती." तो मला धीर देत होता, पण मला त्यानं बरं वाटलं नाही.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. बोभाटा नको म्हणून घरच्यांनी आठ महिने डॉक्टर गाठला नाही. मुलाला खोलीत ठेवलं, पैसे बंद केले. तिसऱ्या दिवशी त्याचं नाक वाहू लागलं, हातपाय पिळवटून आले, जुलाब, झोप नाही. आईला बघवेना, तिनंच पैसे दिले. असं चार-पाच वेळा झालं. त्या आठ महिन्यांत तो बाटलीवरून गोळ्यांवर गेला. लग्न पार पडल्यावर बेळगावात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, नंतर पुण्यात केंद्रात ठेवलं. नातेवाइकांना सांगितलं, की पुण्यात नोकरी लागली. परत आल्यावर दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं स्वतःहून सांगितलं, हा फरक होता.

आज तो मच्छेच्याच वसाहतीत सीएनसी मशीन चालवतो. लेकीसाठी औषध न्यायला आला, की काही बोलायच्या आधी चिठ्ठी काउंटरवर ठेवतो.

घरच्यांनी आणि मुलांनी

पालकांनो, एकेका खुणेवरून संशय घेऊ नका. पण मित्र एकदम बदलणं, पैसे गायब होणं, रात्रीचा दिवस, उन्हाळ्यात लांब बाह्या, रिकाम्या बाटल्या, हे सगळं एकत्र दिसलं तर विचारा. तो नशेत असताना नको, पाहुण्यांसमोर नको, "घराण्याचं नाक कापलंस" असं तर नकोच. घरातल्या झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या मोजून, कुलपात ठेवा. आणि घरी कोंडून नशा सोडवायला जाऊ नका. विशेषतः रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

मुलांनो, मित्र बेशुद्ध पडला तर त्याला एकटं टाकून पळू नका. कुशीवर वळवा, लिंबूपाणी-ताक पाजू नका, १०८ ला फोन करा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका. थोड्या प्रमाणासाठी किंवा सेवनासाठी पकडला गेलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ ही टेलिमानस, दोन्ही मोफत आहेत. हे नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.

तुम्ही बेळगावात असा, पुण्यात असा की परदेशात. शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाबद्दल मनात शंका आली, तर त्याच्याशी किंवा त्याच्या घरच्यांशी त्याच आठवड्यात बोला. वाईटपणा आला तरी येऊ दे. माझे ते तीन आठवडे आणि त्या घराचे आठ महिने मला अजून आठवतात.