शेतात मनोरा येतोय? आधी हे वाचा

उच्चदाब वाहिनीचा मनोरा उभा राहिला, तरी जमीन संपादित होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क.

• अधिकार : विद्युत कायदा २००३, कलम १६४. सरकारी आदेशाने पारेषण कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार मिळतात.

• बंधन : तार कायद्याचे कलम १०. नुकसान कमीत कमी करायचे आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची.

• मोबदला : केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (६६ केव्ही व त्यावरील वाहिन्या) मनोऱ्याखालील जागेसाठी जमीनमूल्याच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के. प्रत्यक्ष दर राज्याच्या शासन निर्णयात पाहावेत.

• वाद : मोबदला अपुरा वाटल्यास तार कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

• पंचनामा : उभे पीक, विहीर, पाइपलाइन, बांध यांचे फोटो काम सुरू होण्याआधीच काढा. डाळिंबासारख्या फळबागेतले एकेक झाड वयासह मोजून लिहून घ्या. नोंद वाचल्याशिवाय सही करू नका आणि प्रत घेतल्याशिवाय पथकाला जाऊ देऊ नका. कागदावर नसलेल्या झाडाची भरपाई मिळवणे फार अवघड जाते.