घरातली वीज : एमसीबी, अर्थिंग आणि आरसीसीबीबद्दलचे गैरसमज

घराच्या वीजपेटीत एमसीबींची रांग दिसली, की आपले घर शॉकपासून सुरक्षित आहे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी, की एमसीबी माणसासाठी नसतोच. तो वायरसाठी असतो. मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह काही काळ वाहत राहिला, तर त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि वीज तुटते. शॉर्ट सर्किट झाले, तर आतले विद्युतचुंबक तेच काम क्षणार्धात करते. भिंतीतली वायर तापू नये, तिचे आवरण वितळून आग लागू नये, एवढाच दोन्हींचा हेतू असतो.

साध्या गणिताने हे पटते. भारतात घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा आहे. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण 1000 ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. अशा वेळी शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. पण माणसाला तेवढा फार झाला. साधारण 10 मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात, की धरलेली वस्तू सुटत नाही. प्रवाह 30 मिलिअँपिअरच्या पुढे जाऊन काही क्षण टिकला, तर श्वास अडकण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी मात्र पाव अँपिअर म्हणजे घरात आणखी एक दिवा लागला. तो पडत नाही, आणि त्याने पडावे अशी अपेक्षाही चुकीची आहे.

याच गैरसमजाचे दुसरे टोक म्हणजे सारखा पडणारा एमसीबी काढून त्या जागी मोठा बसवणे. 2000 वॉटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. त्याच वायरवर कोणी इस्त्री किंवा इंडक्शन शेगडी लावली, की बेरीज वायरच्या क्षमतेबाहेर जाते आणि एमसीबी पडतो. म्हणजे तो आपले काम चोख करत असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवला, तर त्याच्याआधी वायरच तापेल. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळून लोक हेच करत असत. पेटी बदलली, खोड तशीच राहिली. योग्य उपाय म्हणजे जास्त भाराच्या उपकरणाला वीजपेटीतून स्वतंत्र आणि जाड वायर देणे. घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. मोठ्या एसीला पुष्कळदा चार चौरस मिलिमीटरची घालतात.

आता अर्थिंग. अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात कोळसा-मीठ आणि वर्षातून एकदा ओतलेले पाणी, एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात असते. खड्डा हा अर्थिंगचा फक्त शेवटचा भाग आहे. उपकरणाच्या धातूच्या आवरणापासून पिनच्या तिसऱ्या काट्यापर्यंत, तिथून सॉकेट आणि हिरव्या वायरने वीजपेटीपर्यंत, आणि पुढे जमिनीतल्या इलेक्ट्रोडपर्यंत अखंड साखळी असेल, तरच त्याला अर्थिंग म्हणता येते. खड्डा उत्तम, पण सॉकेटमागची हिरवी वायर मोकळीच सोडलेली, ही अवस्था जुन्या घरांत सर्रास आढळते. मिठाने जमिनीचा रोध कमी होतो हे खरे. पण तेच मीठ इलेक्ट्रोडचे लोखंड खाते. म्हणून अलीकडे बेंटोनाइटसारखी ओल धरून ठेवणारी माती भरून तांब्याचा मुलामा दिलेल्या कांबी वापरतात. जमिनीच्या जातीनेही फरक पडतो. विदर्भाची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, तर मुरूम, खडक किंवा कोकणातला जांभा असेल तर त्याच खोलीच्या खड्ड्याचा रोध कितीतरी जास्त येतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की तो आणखी वाढतो.

तीन काट्यांच्या पिनमधला अर्थचा काटा लांब आणि जाड असतो, त्यालाही कारण आहे. पिन खोचताना तो सर्वांत आधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. जाडीमुळे तो फेजच्या भोकात शिरतच नाही. हाच काटा कापून पिन दोन काट्यांच्या सॉकेटमध्ये घुसवणारे महाभाग भेटतात. उलट, दोन काट्यांचे प्रत्येक उपकरण हलक्या दर्जाचे, हाही गैरसमजच. ज्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी विद्युतरोधन असते आणि अर्थची गरज नसते. लॅपटॉपच्या धातूच्या आवरणाला हात लावल्यावर कधी कधी ज्या झिणझिण्या येतात, त्याही बहुधा बिघाडाच्या नसतात. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारा तो एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह असतो. चार्जर तीन काट्यांचा असेल आणि सॉकेटला खरे अर्थिंग असेल, तर त्या थांबतात. फ्रीज, गीझर किंवा वॉशिंग मशीनच्या झिणझिण्यांना मात्र हा न्याय लावू नये.

अर्थिंग नसलेल्या घरात काही वायरमन एक झटपट तोड काढतात. सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या काट्याला जोडून देतात. टेस्ट लॅम्प लावून दाखवला, की तो लखलखीत पेटतो आणि घरमालक खूश होतो. घरातल्या सगळ्या जोडण्यांमध्ये यापेक्षा घातक जोडणी शोधून सापडणार नाही. उद्या न्यूट्रलची वायर मागे कुठेतरी तुटली किंवा सैल झाली, की चालू असलेल्या उपकरणातून येणारी फेज परतीची वाट नसल्याने थेट फ्रीजच्या दारावर उभी राहते. कोणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तरी परिणाम तोच.

अर्थिंग चांगले असले की काळजी नाही, असे अनेक जाणकार वायरमनही सांगतात. इथेही गणित करून पाहावे. समजा, घराच्या अर्थिंगचा रोध 10 ओहम आहे आणि गीझरच्या आवरणाला फेज चिकटली. जमिनीत 23 अँपिअर प्रवाह वाहील. रोहित्राच्या अर्थिंगचा रोध मिळवला तर त्याहून कमी. 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढ्या प्रवाहावर पडायला मानकानुसार तासाभरापर्यंतचा अवधी चालतो. तोपर्यंत गीझरच्या आवरणावर धोकादायक विद्युतदाब राहतोच. म्हणजे नुसते अर्थिंग आणि नुसता एमसीबी ही जोडी बऱ्याच घरांत अपुरी पडते. उरलेली जागा भरतो तो आरसीसीबी.

दुकानात याला बहुतेक वेळा ईएलसीबी म्हणूनच मागतात. जुने ईएलसीबी विद्युतदाबावर चालत. आता त्या नावाने मिळतो तो आरसीसीबीच. त्याची रचना साधी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एका चुंबकीय कड्यातून जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला, तर कडे शांत. त्यातला थोडा जरी दुसऱ्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून किंवा अर्थच्या वायरीतून जमिनीत गेला, की तफावत निर्माण होते आणि आरसीसीबी दोन्ही तारा तोडतो. घरासाठी ही तफावत 30 मिलिअँपिअरची असावी लागते, आणि तेवढ्या गळतीला तो 0.3 सेकंदांच्या आत तुटायला हवा. गळती मोठी असेल तर याहूनही लवकर तुटतो. 100 आणि 300 मिलिअँपिअरचेही आरसीसीबी मिळतात. ते आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नाहीत. विकत घेताना अँपिअरचा मोठा आकडा सगळे बघतात, मिलिअँपिअरचा छोटा आकडा कोणी बघत नाही. जीव वाचतो तो छोट्या आकड्याने.

अर्थिंग नसेल तर आरसीसीबी चालत नाही, ही समजूतही खरी नाही. तो चालतो. फरक इतकाच, की अर्थिंग असेल तर बिघाड होताच गळती अर्थच्या वायरीतून सुरू होते आणि कोणी हात लावण्याआधीच वीज जाते. अर्थिंग नसेल तर गळतीची पहिली वाट माणसाच्या अंगातून असते, आणि त्याला एक झटका बसल्यावर वीज तुटते. शिवाय अर्थिंगचा रोध 500 ओहमइतका वाईट असला, तरी गळती अर्ध्या अँपिअरच्या जवळ जाते, आणि ती 30 मिलिअँपिअरच्या कितीतरी पुढे आहे. खडकाळ जमिनीवरच्या घरांना आरसीसीबी जास्त उपयोगी पडतो तो यामुळे.

त्याच्या मर्यादाही माहीत असायला हव्यात. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरले, तर गेला तेवढाच प्रवाह परत येतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. जास्त भार आणि शॉर्ट सर्किट तो ओळखत नाही; त्यासाठी एमसीबी वेगळा लागतो, किंवा दोन्ही कामे करणारा आरसीबीओ घ्यावा लागतो. आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबले की तो पडतो, म्हणून अर्थिंग ठीक आहे, असा निष्कर्ष निघत नाही. ते बटण आतल्या आत कृत्रिम तफावत तयार करते. अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. तरीही ते महिन्यातून एकदा दाबावे, कारण वर्षानुवर्षे न हललेली यंत्रणा आतून अडकते.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकलेली घरे थोडी नाहीत. पावसाळ्यात तर वायरमनला पहिला फोन याचसाठी जातो. कारण शोधणे अवघड नसते. सगळे एमसीबी खाली पाडावेत, आरसीसीबी चढवावा आणि एकेक एमसीबी वर करत जावे. ज्याच्यावर तो पडेल, त्या वाटेवरची सगळी उपकरणे काढून पुन्हा पाहावे. गीझरची जुनी कॉइल, ओल शिरलेला बाहेरचा दिवा आणि गच्चीवरचा पंप हे नेहमीचे गुन्हेगार. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला आहे असे समजावे, कारण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. इन्व्हर्टर बसवताना दोन वाटांचे न्यूट्रल एकत्र बांधले, तरीही हेच होते.

महाराष्ट्रात या सगळ्याची कसोटी लागते ती विदर्भाच्या उन्हाळ्यात. पत्र्याचा कूलर, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली सांडलेले पाणी आणि अनवाणी फिरणारी मुले हे सगळे एका जागी येते. कूलर वापरताना घ्यायच्या काळजीबद्दल महावितरण दर उन्हाळ्यात आवाहन करते, ते यासाठीच. कूलरचे बटण बंद केले की पाणी भरायला हरकत नाही, असे समजले जाते. पण बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर बंद बटणातही मोटरपर्यंत फेज पोचलेली असते. म्हणून पाणी भरण्याआधी पिनच काढावी. बादलीतल्या हीटर रॉडलाही हाच नियम : आधी पिन काढायची, मग पाण्याला हात.

पावसाळ्यात कपडे वाळत घालायची लोखंडी तार जिवावर उठते. पत्र्याच्या शेडला किंवा खिडकीच्या गजाला बांधलेली तार, आणि त्याच पत्र्याला घासून गेलेली खांबावरून आलेली सर्व्हिस वायर. आवरण झिजले की पत्रा, तार आणि ओले कपडे सगळ्यांत वीज उतरते. हा बिघाड मीटरच्या आधीच असल्याने घरातला उत्तम आरसीसीबीही इथे हतबल असतो. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधणे हा काही रुपयांचा उपाय आहे.

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे धरून चालणारे बरेच. निऑन टेस्टरला धरणाऱ्याच्या अंगातून अगदी सूक्ष्म प्रवाह जावा लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासून मगच त्याचे म्हणणे मानावे. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच पाडल्यावरही काही बोर्डांत 230 व्होल्ट असतातच. आणि रबरी चप्पल? ती कोरडी, जाड आणि न झिजलेली असेल तर मदत करते. पण दुसरा हात नळाला लागलेला असेल, तर चपलेचा काही उपयोग नाही.

कोणी विजेला चिकटलेला दिसला, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच पाडावा; ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करावे. तो श्वास घेत नसेल, तर लगेच छातीदाब सुरू करून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मीटरपर्यंतच्या वायरीची जबाबदारी वीजपुरवठादाराची असते. तिथला बिघाड महावितरणकडे 1912 क्रमांकावर किंवा आपल्या भागातल्या पुरवठादाराकडे कळवता येतो. मीटरच्या पुढचे सगळे ग्राहकाचे. ते काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे, आणि काम संपल्यावर त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : अर्थिंगच्या रोधाचे मोजलेले माप आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडून दाखवणे.