‘चान्ट’ व ‘छन्दस्’ : एका व्युत्पत्तीचें शोधन

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकास सर्वांत मोठी भुरळ पडते ती ध्वनिसाम्याची. इंग्रजींतील ‘चान्ट’ या शब्दाचा अर्थ स्तोत्र किंवा मंत्र ठराविक सुरांत म्हणणें. तो वाचतांच संस्कृतज्ञाच्या मनांत ‘छन्दस्’ हा शब्द उभा राहतो. अर्थ जवळचा, उच्चारही जवळचा. मग एकापासून दुसरा निघाला असें मानावयास उशीर तो किती? प्रस्तुत लेखकानेंही अध्यापन करीत असतां कित्येक वर्षें वर्गांत हीच व्युत्पत्ति सांगितली. ती चुकीची होती; म्हणून तिचें निरसन करण्याचें ऋणही त्याच्याच माथीं आहे.

‘चान्ट’ हें क्रियापद इंग्रजींत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आढळतें. नाम मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर इंग्रजींत फ्रेंच शब्दांची जी भर पडूं लागली, तींतलाच हा एक. फ्रेंच शब्दाचें मूळ लॅटिन ‘कन्तारे’ होय, आणि ‘कन्तारे’ हें ‘कनेरे’ म्हणजे गाणें या धातूचें, आपल्या यङन्ताची आठवण करून देणारें, पौनःपुन्यदर्शक रूप आहे. म्हणजे मूळ वर्ण ‘च’ नसून ‘क’ आहे. अकारापूर्वींच्या लॅटिन ‘क’चा जुन्या फ्रेंचमध्यें ‘च’ होतो, हा नियमच आहे. ‘कामेरा’ (खोली) पासून ‘चेंबर’ झालें, तें याच रीतीनें.

येथेंच वादाचा निकाल लागतो. हा वर्णविकार गॉल प्रांतांत ख्रिस्तोत्तर काळांत घडला. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत सिसेरो ‘क’च उच्चारीत होता, आणि ‘छन्दस्’ शब्द तर ऋग्वेदांतील पुरुषसूक्तांत आहे. तो ‘छ’ त्याहून कित्येक शतकें जुना. शिवाय यास्क ‘छन्दस्’ची उपपत्ति आच्छादनार्थक छद् धातूपासून लावतो, अर्वाचीन पंडित भासणें, रुचणें या अर्थाच्या छन्द् धातूकडे वळतात. गाण्याचा अर्थ दोहोंपैकीं एकांतही नाहीं.

उलट खरें नातें कानाला ओळखूं येत नाहीं. लॅटिन ‘क’च्या जागीं जर्मानिक भाषांत ‘ह’ येतो : ‘कोर्नु’ व ‘हॉर्न’, ‘केन्तुम’ व ‘हंड्रेड’. त्याच न्यायानें प्राचीन इंग्रजींतील ‘हाना’ म्हणजे कोंबडा, अर्थात् ‘गाणारा’, हा ‘कनेरे’चा सगोत्र ठरतो, व त्याचीच स्त्री ‘हेन’. ‘छन्दस्’ परका आणि कोंबडी मात्र घरची!

या कुळांतील इतर शब्दही बोधप्रद आहेत. ‘एन्चान्ट’ म्हणजे मंत्रानें मोहिनी घालणें. इसवी सनापूर्वीं ४५१–४५० मधील रोमच्या द्वादश पट्टिकांत दुष्ट मंत्र गाणारास शासन सांगितलें आहे, त्यावरून गायनांतील मंत्रशक्तीवर त्या लोकांचा किती विश्वास होता हें दिसतें. ‘ॲक्सेन्ट’ हा ‘गानाबरोबर असणारें’ अशा अर्थाचा शब्द ग्रीक ‘प्रोसोदिया’चें शब्दशः रूपांतर आहे; उदात्तानुदात्त जाणणारास त्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

ख्रिस्ती मठांतील ‘ग्रेगोरियन चान्ट’ परंपरेनें पोप पहिला ग्रेगरी (५९०–६०४) याच्या नांवावर आहे. परंतु त्याला आज ओळखीचें असलेलें रूप आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक राज्यांत आलें, असें संशोधक मानतात. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथील ३५९ क्रमांकाची पोथी दहाव्या शतकाच्या आरंभींची आहे. तींत अक्षरांवर केवळ स्वरचिन्हें आहेत, रेषा नाहींत. ओळींवर स्वर मांडण्याची पद्धत अकराव्या शतकांत आरेझ्झोच्या ग्वीदोनें रूढ केली. आपल्या वैदिक पोथ्यांतील तांबड्या शाईच्या स्वररेघा पाहिलेल्या वाचकास तीं चिन्हें पाहून ओळख पटल्यासारखें वाटेल. मात्र तेथेंही क्षणभर थांबावें : साम्य डोळ्यांस दिसतें, नातें पुराव्यानेंच ठरतें.