चेतातंतू म्हणजे तार नव्हे

चेतातंतूंना विजेच्या तारा म्हणायची सवय आपल्याला शाळेपासून लागते. ही उपमा सोडून द्यायला हवी, कारण या कामातली सगळ्यात विलक्षण गोष्टच तिच्यामुळे झाकली जाते. तारेतली वीज बाहेरून आलेली असते. चेतातंतू मात्र आपला संदेश जागोजागी नव्याने, स्वतःच्या बळावर उभा करतो. हे स्वच्छ दिसलं ते माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, तंतूत. हा तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यात काचेची बारीक नळी लांबीच्या दिशेने सरकवली. स्वस्थ तंतू आतून ऋणभारित असतो. संदेश येताच हा भार पुसला जात असावा, एवढीच तोवरची समजूत होती. प्रत्यक्षात नळीतून मोजलेला विद्युतदाब शून्य ओलांडून गेला आणि आतली बाजू क्षणभर धन झाली. नुसत्या गळतीने असं होत नाही. तंतूभोवतीच्या पातळ पटलातली दारं उघडून बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, आणि पोटॅशियम बाहेर पडलं की मागची जागा पूर्ववत होते. फटाक्यांच्या माळेसारखंच हे, फक्त ही माळ काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार असते. १९६१ साली तर बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी रूळ फिरवून तंतूतला गरच पिळून काढला आणि आत पोटॅशियम क्षाराचं द्रावण भरलं. तरी संदेश धावत राहिले! सारी करामत त्या पातळ पटलाची.

यावर कोणी म्हणेल, आपल्या मायलिनच्या वेष्टणातल्या तंतूंत दोन उघड्या जागांच्या मधे वीज तारेसारखीच वाहते ना? वाहते, पण क्षीण होत होत. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरवर पुढची उघडी जागा येते आणि सोडियमची दारं तिला पुन्हा पूर्ण ताकद देतात. माकुळावरून माणसाचा अंदाज कसा बांधायचा, हा आक्षेपही रास्त आहे. त्याचं उत्तर दाताच्या दवाखान्यात मिळतं. दाढ काढण्यापूर्वी टोचलेलं लिग्नोकेन तंतू तोडत नाही, ते सोडियमची ही दारं अडवतं. दाढेतून निघालेली कळ तिथवर येते आणि विझते. औषध ओसरलं की तोच तंतू पुन्हा ठणकू लागतो.