भाच्याला साप चावला, दोनदा

ईदच्या रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. आम्हाला वाटले, मुलांना पुन्हा एकदा ईद मुबारक म्हणायचे असेल. पण सलामही न करता ती म्हणाली, “भाईजान, साप चावला याला.” शेजारी बसलेल्या अम्मींच्या हातातली शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली. आम्ही चिपळूण तालुक्यातले. आमच्याकडे ‘साप चावला’ हे दोन शब्द कानावर पडले की माणूस आधी गाडी कुणाकडे उभी आहे ते बघतो.

तिथे गाडी काढण्याची वेळ आली नव्हती. साप बॉल पायथन जातीचा होता. अजगराच्या कुळातला, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन अशा देशांतला हा साप. त्याला विष नसते. पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट. घाबरला की अंगाचे वेटोळे चेंडूसारखे घट्ट करून डोके मधे लपवतो, म्हणून हे नाव. भाच्याचे तर दीड फुटाचे पिल्लूच होते. बोटावर सुईने टोचल्यासारखे सात-आठ ठिपके उठले होते, एवढेच.

साप घरात आला कसा, हे सांगायला हवे. भाचा अकरा वर्षांचा. कुराण शरीफचे नाजरा वाचन पूर्ण केलेस तर मागशील ते देऊ, असे बापाने कबूल केले होते. बापाला वाटले, पोरगा सायकल मागेल. पोराने साप मागितला. दिलेला शब्द फिरवता येईना. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला दुकानदार प्राणी विकू शकत नाही, 2006 च्या कायद्याने तसे बंधन आहे. म्हणजे साप मुलाचा असला तरी खरेदी आणि जबाबदारी बापाची. ईदच्या तीन दिवस आधी काचेची पेटी, तापणारी गादी, लपायला पोकळ लाकूड आणि साप असे सगळे घरी आले.

फोनवर भाच्याचा चेहरा दिसला तेव्हा तो रडत होता. बोट दुखत होते म्हणून नव्हे. “मामू, मी त्याला इतकं जपतो, तरी त्याला मी आवडत नाही,” असे तो म्हणत होता. इकडून अम्मींनी निकाल दिला, “सापाची जात दगाबाज. आताच्या आता बाहेर टाका.”

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही भाषांनी सापावर फारसा रहम केलेला नाही. उर्दूत विश्वासघातकी माणूस म्हणजे आस्तीनमधला साप. मराठीने अस्तनीत निखारा ठेवला, पण सापाला दूध पाजण्याची म्हण काही सोडली नाही. खरे तर साप हा दूध पिणारा प्राणीच नाही. आणि दगा देण्यासाठी आधी नाते कळावे लागते. साप माणसाशी तसे नाते जोडत नाही. त्याला ओळखीचा वास कळतो, धोका कळतो, भक्ष्य कळते. चावा का बसला ते यातच शोधावे लागते.

आम्ही भाच्याला म्हटले, “रडणं नंतर. काय काय झालं ते क्रमाने सांग.” शिक्षकाची ही जुनी सवय. त्याने सांगितलेले असे होते. ईदची नमाज झाली, पाहुणे आले, चुलत-मावस मिळून आठ मुले पेटीभोवती जमली. काचेवर टकटक झाली. साप लाकडाखाली जाऊन बसला. भाच्याने वरून लाकूड उचलले. सापाने अंगाचा चेंडू केला. भाच्याने तो चेंडू उचलून एका मुलाच्या हातात दिला, मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याकडे जाताना सापाने मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली, फुस्स केले, आणि झटक्यात चावून सोडून दिले.

सांगता सांगताच तो गप्प झाला. आपण सांगितले त्यातच उत्तर आहे, हे त्याच्या लक्षात आले असावे.

तीन दिवसांपूर्वी या जिवाचे सगळे जग बदलले होते. वास नवा, उजेड नवा, जमिनीतून येणारी थरथर नवी. सापाला बाहेरचे कान नसतात, पण पायांची धमक आणि काचेवरची टकटक त्याला अंगातून कळते. जंगलात वरून येणारी सावली म्हणजे घार, गरुड किंवा मुंगूस. त्यात लपायची जागाही काढून घेतली. त्याने आधी लपून सांगितले, मग चेंडू होऊन सांगितले, मान मागे घेऊन आणि फुत्कारून सांगितले. यातले काहीच कुणी ऐकले नाही, तेव्हा दात लावले. भीतीचा चावा असाच असतो, लागतो आणि लगेच सुटतो. त्याला खायचे नसते, फक्त दूर जा म्हणायचे असते.

म्हणून नवीन साप आणला की पहिला आठवडा-दोन आठवडे त्याला हातच लावायचा नाही, असे जाणकार सांगतात. पाणी बदलायचे, ऊब बघायची आणि बाजूला व्हायचे. दोन-तीन वेळा तो नीट जेवला की मग उचलायला सुरुवात करायची, तीही पाच-दहा मिनिटे. बाजूने हात न्यायचा, अंगाला मधून आधार द्यायचा, डोक्यावरून झडप घालायची नाही. मुलाला हे थांबणे फार जड जाते. बक्षीस मिळाले आहे आणि त्याला हात लावायचा नाही! नवी नवरी घरात आली की पहिल्याच दिवशी सगळा मोहल्ला तिचा चेहरा बघायला येतो, तिचे काय होत असेल, असे बहिणीने विचारले. तिला स्वतःचे लग्न आठवले असणार.

दुसरा चावा पंधरा-सोळा दिवसांनी बसला, आणि तो अगदी वेगळा होता.

यावेळी भाच्याने नियम पाळले होते. गर्दी नाही, टकटक नाही. रात्रीची वेळ होती, कारण हा साप निशाचर आहे. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने दिला. सापाने घेतला, गिळला. मग भाच्याच्या लक्षात आले की पाण्याचे भांडे कलंडले आहे. ते सरळ करायला त्याने हात आत घातला. सापाने हात पकडला आणि सोडला नाही. वर मनगटाला विळखा घातला. बाप धावत आला आणि ओढू लागला.

अजगराच्या कुळातल्या अशा सापाच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांतून त्याला ऊब कळते. काळोखातही आसपासच्या हवेहून थोडीशी उबदार असलेली वस्तू त्याला जाणवते. जिभेने तो वास गोळा करतो आणि टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो. आता त्याच्या बाजूने बघा. पेटीत उंदराचा वास भरून राहिला आहे. नुकताच एक घास गिळला आहे, भूक जागी आहे. तेवढ्यात समोर हलणारी, उबदार, उंदराचाच वास असलेली एक वस्तू आली. त्याने पकडली. त्यात राग नव्हता, चुकीची ओळख होती. घासासाठी मारलेला चावा धरून ठेवतो आणि विळखा घालतो. ईदच्या चाव्याहून हा फरक भाच्याने स्वतःच सांगितला, आम्हाला विचारावे लागले नाही.

ओढणे ही बापाची चूक होती. या सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. ओढले की कातडी फाटते, सापाचे दात तुटून जखमेत राहतात, त्याच्या तोंडालाही इजा होते. हात स्थिर ठेवायचा. घास मोठा आहे, गिळता येत नाही हे कळले की बहुतेक वेळा तो आपणच सोडतो. नाही सोडले तर थंड पाण्याची धार सोडायची. मग जखम साबण-पाण्याने धुवायची. दात आत राहिला, सूज-लाली वाढली किंवा धनुर्वाताची लस झालेली नसली तर डॉक्टरला दाखवायचे. भाच्याच्या मनगटातून बापाने एक बारीक दात चिमटीने काढला. तो त्याने आगपेटीत जपून ठेवला आहे!

त्यानंतर आम्ही त्याला गृहपाठ दिला. वहीत तारीख घालायची आणि सापाने काय केले ते लिहायचे. आपले मत लिहायचे नाही, फक्त दिसले ते. “तो रागावला” असे लिहिले तर आम्ही लाल खूण करणार, “मान मागे घेतली” असे लिहिले तर चालेल. महिन्याभराने त्याने कॅमेऱ्यासमोर वही धरली. त्यात एक नोंद होती, “डोळे दुधाळ, रंग फिका, लाकडातून बाहेर येत नाही.” आम्ही आमच्या तालुक्यातल्या एका सर्पमित्राला दाखवले. ते म्हणाले, कात टाकायच्या आधी असे होते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरही कातडीचा पारदर्शक पापुद्रा असतो. तो सुटू लागला की दिसायचे कमी होते, आणि नीट न दिसणारा प्राणी लवकर बिचकतो. त्या दिवसांत त्याला उचलू नये. जेवल्यावरही निदान दोन दिवस उचलू नये, खाल्लेले तो ओकून टाकतो. आता भाचा हात आत घालण्याआधी कागदाच्या सुरळीने सापाच्या अंगाला हलकेच स्पर्श करतो. हा घास नाही, हे त्या जिवाला तेवढ्याने समजते. हात तो आधी धुतो, म्हणजे उंदराचा किंवा जेवणाचा वास राहत नाही. नंतरही धुतो, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. धाकटी बहीण तीन वर्षांची आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना या जंतूंचा त्रास जास्त होतो, म्हणून तिला पेटीजवळ येऊ देत नाहीत.

अम्मींचे म्हणणे मात्र बदलले नव्हते. आम्ही त्यांना हजरत अनस यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची, गोष्ट आठवण करून दिली. त्या लहानग्याजवळ एक पाखरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) घरी येत तेव्हा त्याच्याशी थट्टेने त्या पाखराबद्दल बोलत. पोराचे पाखरू म्हणून त्यांनी ते क्षुल्लक मानले नाही. अम्मी म्हणाल्या, “ते पाखरू होतं, हा साप आहे.” बोलणे बरोबर होते. साप पाळण्याचा शरई मसला आलिमांना विचारावा, आम्ही मुफ्ती नाही. पण पोराचे मन कुठे गुंतले आहे, हे विचारायला फतवा लागत नाही.

इथवर वाचून कुणाच्या घरातल्या मुलाचे डोळे चमकले असतील. त्याच्यासाठी पुढचे लिहितो आहोत.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या वर्गातला सातवीतला एक मुलगा लोणच्याची बरणी घेऊन आला. झाकणाला भोके पाडलेली. आत वीतभर साप. म्हणाला, “सर, अजगराचं पिल्लू. पाळणार आहे.” मोबाइलवर त्याने परदेशातली मुले गळ्यात साप घालून बसलेली पाहिली होती. बरणीतून कुकरच्या शिटीसारखा आवाज येत होता. आम्ही बरणी त्याच्या हातून घेतली नाही. त्याला सांगितले, अगदी सावकाश जमिनीवर ठेव आणि मागे सर. वर्ग बाहेर काढला, सर्पमित्राला बोलावले. ते आले, एकदा वाकून पाहिले आणि म्हणाले, “घोणस.”

घोणशीचे पिल्लू आणि अजगराचे पिल्लू यांत भल्याभल्यांची गल्लत होते. जाड अंग, तपकिरी रंग, ठिपके. घोणशीचे ठिपके साखळीसारखे ओळीने असतात, अजगराचे वेडेवाकडे. पण हे वाचून कुणी जवळ जाऊन बघू नये. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले घालते, आणि पिल्लाला जन्मापासून विष असते. तसाच कवड्या हा बिनविषारी साप आणि मण्यार यांचा घोटाळा होतो, आणि मण्यार रात्री चावली तर पुष्कळदा दुखतही नाही. कोकणात फुरसे दगडाखाली सापडते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावरचे औषध सरकारी रुग्णालयात मिळते. तोवर चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. 108 ला फोन करायचा.

आणि कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा अजगर, धामण, मांडूळ यांपैकी कोणताही रानातला साप घरात ठेवता येत नाही. मांडुळाने धन मिळते या भ्रमापायी किती तरी माणसे तुरुंगात गेली आहेत. साप दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे.

त्या मुलाला आम्ही रागावलो नाही. त्याच्याही बरणीतला जीव मान मागे घेऊन, आवाज करून तेच सांगत होता, जे बर्मिंगहॅमच्या पेटीतल्या सापाने ईदला सांगितले. तिथे न ऐकल्याची किंमत बोटावरचे ठिपके होती. आम्ही मुलाला भाच्याच्या वहीचे फोटो दाखवले. तो आता शाळेच्या कुंपणावरच्या सरड्याची वही लिहितो, सहा हात लांबून. शुद्धलेखन अजून सुधारायचे आहे.

परवा जुम्याच्या दिवशी बहिणीचा फोन होता. साप तीन आठवडे काही खात नाही म्हणून भाचा कासावीस होता. ही जात अधूनमधून असे उपास करते, वजन फार उतरले नाही तर काळजी नाही, असे आम्ही सांगत होतो. अम्मी तसबीह घेऊन पलीकडे बसल्या होत्या, आमच्याकडे लक्ष नाही असे दाखवत. फोन ठेवायच्या वेळी त्यांनी हात पुढे केला, मोबाइल घेतला आणि नातवाला विचारले, “पेटी गरम आहे ना रे त्याची? तिकडे थंडी फार.”