चिप लहान झाली, संगणक स्वस्त झाला, पुढे काय?

'संगणक घ्यायचा आहे? सहा महिने थांबा, स्वस्त होईल,' हा सल्ला एके काळी घरोघरी दिला जाई आणि तो बहुधा खराही ठरे. त्यामागे विक्रेत्यांच्या स्पर्धेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वाटा चिपनिर्मितीतील प्रगतीचा होता.

चिप सिलिकॉनच्या गोल चकतीवर तयार होते. एका चकतीवर शेकडो चिप एकाच वेळी घडविल्या जातात आणि त्या किती निघतात, यावर प्रक्रियेचा खर्च फारसा अवलंबून नसतो. शंकरपाळ्यांसाठी लाटलेली पोळी तेवढीच असली, तरी काप लहान केले की नग जास्त निघतात, तसाच हा हिशेब आहे. शिवाय धुळीचा कण पडून चिप वाया गेलीच, तर ती जितकी लहान तितके नुकसान कमी.

गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल, असे भाकीत केले. १९७५ मध्ये त्यांनी हा अवधी दोन वर्षांचा केला. इंटेलच्या १९७१ मधील '४००४' या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २००० सालच्या 'पेंटियम ४'वर ते ४ कोटी २० लाख झाले, तर २०२० मधील ॲपलच्या 'एम१'वर १,६०० कोटी!

संगणकाची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरली नाही. पडदा, बॅटरी, कळफलक यांना मूर यांचा नियम लागू होत नाही. शिवाय नवी सॉफ्टवेअर अधिक क्षमता मागतात. त्यामुळे ग्राहकाच्या पदरात पडते ती तेवढ्याच पैशांत अधिक ताकद.

आता हे गणितही अवघड होत आहे. ट्रान्झिस्टर जितका सूक्ष्म, तितकी यंत्रे महाग. गुजरातमधील धोलेरा येथे मार्च २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या टाटांच्या प्रकल्पाचा खर्च ९१ हजार कोटी रुपये आहे आणि तेथील तंत्रज्ञान अद्ययावत नव्हे, तर २८ नॅनोमीटर व त्याआधीच्या पिढ्यांचे आहे. असा खर्च अखेर चिपच्या किमतीतूनच वसूल करावा लागतो. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिपच्या किमती झपाट्याने चढल्या.

तात्पर्य, चिपची क्षमता यापुढेही वाढेल. पण थांबले की स्वस्त मिळेल, याची खात्री आता देता येत नाही. गरज असेल तेव्हा आणि गरजेपुरता संगणक घेणे, हेच शहाणपणाचे.