यू-505 चा शेवटचा कामाचा दिवस

पहाट. रविवार, 4 जून 1944. जागा अटलांटिक महासागर, आजच्या पश्चिम सहाराच्या किनाऱ्यापासून साधारण दीडशे मैलांवर. यू-505 या जर्मन पाणबुडीला ब्रेस्ट बंदर सोडून ऐंशी दिवस झालेत. या फेरीत एकही जहाज बुडालेलं नाही. आता घरचा रस्ता धरलाय. नियम ठरलेला: रात्री वर यायचं, डिझेल इंजिनं चालवून बॅटऱ्या भरून घ्यायच्या, उजाडायच्या आत पाण्याखाली. कारण दिवसा आकाश शत्रूच्या विमानांचं.

लांबी पाऊणशे मीटर, आत 59 माणसं. इंजिनवाल्यांची सहा तास पाळी, सहा तास सुटी. एक उठला की त्याच्याच उबदार बिछान्यात दुसरा आडवा. गोडं पाणी मोजून. ताजं अन्न कधीच संपलंय, आता डब्यातलं.

सकाळी 8. पाणबुडी खाली, विजेच्या मोटारींवर. वेग माणसाच्या चालीचा. निवांत वेळ आहे, तेवढ्यात हिची मागची नोकरी सांगून टाकतो. हॅम्बुर्गला बांधली, ऑगस्ट 1941 मध्ये कामावर रुजू झाली. एकूण 8 जहाजं बुडवली. नोव्हेंबर 1942 मध्ये त्रिनिदादजवळ विमानाने टाकलेला बॉम्ब थेट अंगावर बसला; तशीच रखडत फ्रान्समधल्या लोरियाँला पोचली. दुरुस्तीला सहा महिने लागले. 1943 च्या उन्हाळ्यात पुन्हा निघाली, पुन्हा परतली. असं किती वेळा तरी झालं. गोदीतले फ्रेंच कामगार दिवसा दुरुस्त करत आणि त्याच हातांनी बिघाड पेरून ठेवत. ऑक्टोबर 1943 मध्ये डोक्यावर डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) फुटत असताना कप्तान पीटर त्शेखने आतच स्वतःवर गोळी झाडली. दुय्यम अधिकाऱ्याने बोट घरी आणली. हिच्या सगळ्या कहाणीत मला कप्तानांपेक्षा फिटर मोठे वाटतात. आजचा दिवसही त्यांचाच आहे.

सकाळी 11. वर अमेरिकन ताफा. ग्वाडलकॅनाल हे छोटं विमानवाहू जहाज आणि पाच रक्षक विनाशिका. प्रमुख कॅप्टन डॅनियल गॅलरी. तेल संपत आलंय, म्हणून कासाब्लांकाकडे वळलेत. सर्वांत खालच्या खलाशाचा मूळ पगार महिना 50 डॉलर, समुद्रावर असल्याचे वीस टक्के वर. गॅलरींनी निघण्याआधीच सांगून ठेवलंय की पाणबुडी वर आली तर बुडवायची नाही, चढून ताब्यात घ्यायची. त्यासाठी तुकड्या निवडून तयार आहेत.

11 वाजून 9 मिनिटं. चॅटलेन या विनाशिकेच्या सोनारवर आवाज परतला. खाली जर्मन कप्तान हाराल्ड लांगे पेरिस्कोपच्या खोलीपर्यंत वर आला आणि त्याला विनाशिकाच दिसल्या. वरून दोन विमानांनी पाण्यात गोळ्या मारून जागा दाखवली. चॅटलेनने डेप्थ चार्ज टाकले.

साडेअकराच्या आत सगळं उरकलं. सुकाणू उजवीकडे अडकलं, दिवे गेले. लांगेने बोट वर आणली आणि उड्या मारायला सांगितलं. गोळीबारात तो जखमी झाला, एक खलाशी मेला. बाकी 58 जण पाण्यातून उचलले गेले. इंजिनं बंद करायला कुणी थांबलं नाही. रिकामी बोट स्वतःभोवती गोल फिरत राहिली आणि मागून बुडू लागली.

दुपार. ताफ्यातल्या पिल्सबरी या विनाशिकेवरून एक होडी निघाली आणि फिरत्या बोटीला आतल्या बाजूने गाठलं. लेफ्टनंट आल्बर्ट डेव्हिड, मागोमाग क्निस्पेल आणि व्दोवियाक हे खलाशी शिडीवरून खाली उतरले. आत कुणी दबा धरून आहे का, स्फोटकं कधी फुटणार, काही ठाऊक नाही. आत कुणीच नव्हतं. पण पाण्याचा आवाज होता.

इथे झेनॉन लुकोसियसचं काम सुरू होतं. हा इंजिन मेकॅनिक. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपाच्या गाळणीचं झाकण जर्मनांनी जाताना काढून टाकलं होतं. वीतभर रुंदीच्या तोंडातून धो धो पाणी येत होतं. झाकण जवळच पडलं होतं. त्याने ते उचललं, जागेवर बसवलं आणि आवळलं. पाणी थांबलं. झाकण दूर भिरकावलेलं असतं, तर ही बोट आज समुद्रतळाशी असती.

वर व्दोवियाक वगैरे मंडळी सांकेतिक पुस्तकं आणि गुप्त संदेशांची एनिग्मा यंत्रं हातोहात बाहेर देत होती. तिकडे पिल्सबरी खेटून उभी राहायला गेली, तर पाणबुडीच्या लोखंडी पात्याने तिचंच पोट फाडलं.

दुपारनंतर कमांडर अर्ल ट्रोसिनो आले. युद्धाआधी तेलवाहू जहाजांवर इंजिनियर. जर्मन पाणबुडी आतून पहिल्यांदाच बघत होते. जमिनीचे पत्रे उचलून तेलकट पाण्यात सरपटत गेले. एकेक पाइप हाताने चाचपत, कोणता कुठे जातो ते शोधत राहिले.

संध्याकाळ. ग्वाडलकॅनालने दोर बांधून बोट ओढायला घेतली. रात्री दोर तुटला. उजाडल्यावर जाड दोर लावला. पुढे ट्रोसिनोंनी एक अक्कल लढवली. डिझेलचा क्लच सोडवला आणि बोट वेगाने ओढायला सांगितली. पाण्याच्या जोराने पंखे फिरले, पंख्यांनी मोटारी फिरवल्या, मोटारींनी बॅटऱ्या भरल्या. मग बोटीचेच पंप चालवून आतलं पाणी काढलं.

19 जूनला ती बर्म्युडाला पोचली. बोट हाती लागल्याचं जर्मनांना कळू नये म्हणून ताफ्यातल्या सुमारे 3,000 जणांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. कैद्यांना लुइझियानातल्या रस्टन छावणीत इतरांपासून वेगळं ठेवलं. अमेरिकेतल्या छावण्यांत राबणाऱ्या कैद्याला दिवसाला 80 सेंट मिळत, तेही कूपनांत. या 58 जणांना मात्र घरी पत्रही पाठवू दिलं नाही. जर्मनीत त्यांच्या घरच्यांना ते मेल्याचं कळवलं गेलं.

यू-505 सन 1954 पासून शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे. तिकडे राहणाऱ्या, मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी वेळ काढून आत जावं. वेगळं तिकीट पडतं, पण ते काढाच. टॉर्पेडोपाशी सगळेच थांबतात. तुम्ही पायाखालच्या पत्र्यांकडे आणि पाइपांकडेही बघा.